त्रास नसतानाच तपासणी का करायची: गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाचा कर्करोग

प्रश्न असा आहे: "वय ४४. दोन मुलं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. पाळी नियमित आहे, त्रास काही नाही, फक्त अधूनमधून अंगावरून पांढरं जातं. केंद्रावर कर्करोगाची तपासणी आहे म्हणून आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. घरचे म्हणतात, दुखत-खुपत नसताना कशाला उकरून काढायचं? जावेची पिशवी पांढरं जातं म्हणूनच काढली, मलाही तेच सांगतील अशी भीती वाटते. तपासणीत नेमकं काय करतात, आणि काही निघालंच तर पुढे काय?"

तपासणी जरूर करून घ्या. घरचे जे कारण देऊन थांबवताहेत, तेच जाण्याचं कारण आहे. ही तपासणी त्रास नसलेल्या बाईसाठीच बेतलेली आहे. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणं, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं रक्तमिश्रित पाणी जाणं, यातलं काही असेल तर शिबिराची वाट बघायची नाही. सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन आतून तपासून घ्यायचं. तेव्हा ती चाळणी (त्रास नसलेल्यांतून संशयित निवडणारी तपासणी) राहत नाही, ते निदान असतं.

आधी पिशवीच्या तोंडाचं, म्हणजे गर्भाशयमुखाचं बोलू, कारण तिथे आपल्याला वेळ सर्वांत जास्त मिळतो. हा कर्करोग जवळजवळ सगळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. संबंध आलेल्या बहुतेक स्त्रियांना तो आयुष्यात कधीतरी होऊन जातो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला घालवून देतं. थोड्या जणींत तो मुक्काम ठोकतो. त्यातले १६ आणि १८ हे दोन प्रकार सर्वांत वाईट, सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांमागे हेच दोन असतात. विषाणू टिकून राहिला की पिशवीच्या तोंडावरच्या त्वचेतल्या पेशी बदलायला लागतात, आणि तिथून खरा कर्करोग व्हायला साधारण १० ते १५ वर्षं जातात. एवढ्या काळात बिघडलेल्या पेशी वरच्या पातळ थरातच असतात. खाली उतरलेल्या नसतात, म्हणून ना दुखतं, ना रक्त जातं, ना वजन घटतं. बाईला काहीच कळत नाही. तपासणीला मात्र कळतं.

"लवकर" या शब्दाचा अर्थ उपचारांत मोजून बघा. बिघाड वरच्या थरात असताना सापडला तर थर्मल अ‍ॅब्लेशन नावाच्या, टॉर्चएवढ्या उपकरणाचं गरम टोक त्या जागी २० ते ३० सेकंद टेकवतात. भूल लागत नाही, टाके नाहीत, बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. तोच बिघाड राहून गेला आणि कर्करोग पिशवीच्या बाजूच्या भागात पसरल्यावर, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात सापडला, तर पाच आठवडे रोजचा बाहेरून किरणांचा शेक (साधारण २५ वेळा), दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन, आणि त्यानंतर आतून नळ्या घालून दिला जाणारा शेक. हे सगळं आठ आठवड्यांत संपवावं लागतं, रेंगाळलं तर गुण कमी येतो. शेकाचं मशीन जिल्ह्याच्या गावी असेलच असं नाही, म्हणजे दोन महिने परगावी खोली घेऊन राहणं आलं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ८० हजार त्याने जातात. १० वर्षं आधी दिसू शकणाऱ्या रोगाने इतक्या बाया जाव्यात, हे मान्य करण्यासारखं नाहीच.

आता तपासणीत काय करतात ते. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तीन ठिकाणी तपासणी होते: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. गर्भाशयमुखासाठी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात "व्हीआयए" करतात, साध्या भाषेत व्हिनेगरची तपासणी. टेबलावर पाय दुमडून झोपवतात, स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं उपकरण) घालून पिशवीचं तोंड उजेडात आणतात, त्यावर ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला कापूस लावतात आणि एक मिनिट थांबतात. बिघडलेल्या पेशींत प्रथिनं जास्त असतात, ती गोठतात आणि तेवढा भाग पांढरट, अपारदर्शक होतो. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पांढरा डाग आतल्या आणि बाहेरच्या त्वचेच्या सांध्याला चिकटून, ठळक कडेचा असेल तर तपासणी "पॉझिटिव्ह". निकाल तिथेच, टेबलावरून उठायच्या आत मिळतो, हा हिचा मोठा गुण. थोडं चुरचुरतं, स्पेक्युलमचा दाब जाणवतो. श्वास सोडून कंबर टेबलाला टेकवून ठेवली की त्रास कमी होतो.

तपासणी दिसायला सोपी असल्यामुळेच ती बिघडते. घाईत मिनिटभर न थांबता वीस सेकंदांत बघितलं तर डाग उमटलेलाच नसतो. उजेड पिवळा, अपुरा असला की फिकट डाग सुटतो. द्रावण रोज ताजं करायला हवं: ५ मिलि ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि ९५ मिलि डिस्टिल्ड वॉटर. उरलेलं संध्याकाळी टाकून द्यायचं. पातळ न केलेलं अ‍ॅसिड चुकून लावलं गेलं तर भाजतं, म्हणून मिसळून झाल्यावरच्या बाटलीला चिठ्ठी लावणं सिस्टरांनी कधीही चुकवू नये. दुसरी अडचण वयाची. पाळी गेल्यावर तो सांधा आत, पिशवीच्या तोंडाच्या नळीत सरकतो आणि डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हा व्हीआयए "निगेटिव्ह" आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पन्नाशीनंतर एचपीव्ही चाचणी किंवा निदान पॅप स्मिअर मागून घ्यावी. तुमचं वय ४४, पाळी चालू, म्हणजे व्हीआयए तुम्हाला चालेल.

पॅप स्मिअरमध्ये ब्रशने पेशी खरवडून काचेवर किंवा द्रवात घेतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. वाचणारा जाणकार हवा, आणि दर तीन वर्षांनी करत राहायला हवी. एकदा करून सोडली तर फार उपयोग नाही. एचपीव्ही चाचणी विषाणूच शोधते. तिचा पुरावा तर आपल्याच मराठवाड्यातला आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांवर, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. तिथे एकदाच केलेल्या व्हीआयएने तेवढा फरक पडला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांमध्ये जो अभ्यास केला, त्यात दर दोन वर्षांनी, चार वेळा व्हीआयए केली, तीही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही एकत्र वाचले की व्यवहारातली गोष्ट कळते: खर्च परवडत असेल तर एचपीव्ही चाचणी करा, ती निगेटिव्ह आली की निदान पाच वर्षं निश्चिंती. व्हीआयएच करणार असाल तर तिची तारीख चुकवू नका. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःही घेता येतो, काडी आत घालून हळू फिरवायची आणि नळीत टाकायची. टेबलावर झोपायची लाज वाटते म्हणून टाळणाऱ्यांना हा मार्ग जरूर सांगा. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी मात्र २५ व्या वर्षापासून, दर तीन वर्षांनी तपासून घ्यावं.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकींना कर्करोग नसतो. कुणाला सूज असते, कुणाला किरकोळ बदल, काहींनाच खरा बिघाड. पुढची पायरी कॉल्पोस्कोपी: मोठं करून दाखवणाऱ्या भिंगातून तीच जागा पुन्हा व्हिनेगर आणि आयोडीन लावून बघतात आणि शंका असेल तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. डाग पूर्ण दिसत असेल, नळीत शिरत नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर थर्मल अ‍ॅब्लेशन. डाग आत गेलेला असेल तर विजेच्या तारेच्या वेटोळ्याने तो भाग काढतात, त्याला लीप म्हणतात. काढलेला भाग तपासायला जातो, हा लीपचा जादा फायदा. अ‍ॅब्लेशननंतर दोन ते चार आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, ते अपेक्षित आहे. महिनाभर संबंध टाळावेत, आत काही घालू नये. ताप, घाण वास, पाळीपेक्षा जास्त रक्त यातलं काही झालं तर लगेच परत जावं. आणि वर्षाने पुन्हा तपासणी, ही कुणीही चुकवू नये, कारण काही जणींत बिघाड परत येतो.

सर्वांत मोठी गळती तपासणी आणि उपचार यांच्या मधल्या रस्त्यावर होते. शिबिरात पॉझिटिव्ह निघालेली बाई चिठ्ठी घेऊन घरी जाते, "तालुक्याला या" असं लिहिलेलं असतं, मग पेरणी येते, लग्न येतं, कुणाची दहावी येते आणि चिठ्ठी साडीच्या घडीत राहते. म्हणून तपासणीच्या आधीच आशाताईंना किंवा केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारून ठेवा: काही निघालं तर कुठे पाठवणार, तिथे कॉल्पोस्कोपी कोणत्या वारी असते, बरोबर कोण येणार. याचं उत्तर नसलेलं शिबिर अर्धवट आहे, आणि आयोजकांना तसं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

आता तुमची खरी भीती, पिशवीची. अंगावरून पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. बहुतेक वेळा ते पाळीच्या चक्राचं नेहमीचं असतं, किंवा बुरशी, जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरं होतं. "तोंडाला सूज आहे, फोड आहे, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका" हे वाक्य महाराष्ट्रात फार बायांनी ऐकलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत ते इतक्या थराला गेलं की २०१९ मध्ये सरकारला समिती नेमून पाहणी करावी लागली. कर्करोगाच्या भीतीने, कुठलीही चाचणी न करता पिशवी काढणं दोन बाजूंनी घात करतं. बिघाड नसेल तर चाळिशीच्या आत बाईचं शरीर उगाच थकवलं, बीजांडकोशही काढले तर हाडं ठिसूळ होण्याची सुरुवात त्याच दिवशी झाली. आणि खरंच कर्करोग असेल तर ती साधी शस्त्रक्रिया त्याला पुरत नाही, पेशी मागे राहतात, पुढचा शेक द्यायला अवघड होतो. त्यामुळे कुणी पिशवी काढायला सांगितली तर आधी विचारा: पॅप किंवा एचपीव्ही केली का? तुकडा तपासला का? सोनोग्राफीच्या कागदावरच्या "बल्की" (म्हणजे आकाराने मोठी) या एका शब्दावर पिशवी देऊ नका. जाऊबाईंच्या कागदांवर पिशवी तोंडासकट काढली का तेही बघा. वरचा भागच काढला असेल तर तोंड शिल्लक आहे, त्यांनाही तपासणी लागते. आणि तुमचं नसबंदीचं ऑपरेशन किंवा कुणाची तांबी, यांचा या रोगाशी संबंध नाही, तपासणी दोघींनाही हवीच.

स्तनाच्या कर्करोगाचं गणित वेगळं आहे. तिथे १० वर्षांची आगाऊ सूचना मिळत नाही. लवकर म्हणजे गाठ लहान असताना आणि काखेत उतरायच्या आत. लहान गाठीत स्तन वाचवून फक्त गाठ काढता येते आणि नंतर शेक देतात, आयुष्य तितकंच मिळतं. भारतात आता स्त्रियांमध्ये हाच कर्करोग सर्वांत जास्त आहे, २०२२ च्या अंदाजात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार. टाटा रुग्णालयाच्या मुंबईतल्या त्याच अभ्यासात, जो २० वर्षं चालला, आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणून पन्नाशी गाठलेल्या बाईने शिकलेल्या हातांकडून होणारी ही तपासणी सोडू नये.

घरी काय करायचं? दर महिन्याला तारखा पाळून घाबरत गाठ शोधत बसण्याने मृत्यू घटत नाहीत, हे शांघायच्या मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे. आपला स्तन नेहमी कसा असतो हे माहीत असणं मात्र फार मोलाचं. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी, अंघोळीच्या वेळी, साबणाच्या हाताने मधल्या तीन बोटांचा सपाट भाग गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेपर्यंत फिरवायचा. चिमटीत धरायचं नाही, चिमटीत सगळंच गाठीसारखं लागतं. न दुखणारी कडक गाठ, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी जाड झालेली त्वचा, नव्याने आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, एकाच बाजूने आपोआप येणारं रक्त किंवा पाणी, मलमाने बरी न होणारी स्तनाग्रावरची खाज-खपली: यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. "दुखत नाही म्हणजे साधी गाठ" हा समज सर्वांत घातक. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

गाठीची तपासणी तीन भागांत पूर्ण होते: हाताने, यंत्राने, सुईने. चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी, तिच्या आत सोनोग्राफी आधी, कारण तरुण स्तन दाट असतो आणि मॅमोग्राफीत गाठ झाकली जाते. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नका, त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्सचा, म्हणजे संशय किती आहे हे सांगणारा आकडा बघा: १-२ निर्धास्त, ३ म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा, ४-५ म्हणजे तुकडा काढलाच पाहिजे, आणि ० म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासणी लागणार. ० बघून "काही नाही" समजणारे पुष्कळ भेटतात.

तुकडा जाड सुईने, म्हणजे कोअर बायोप्सीने घ्यावा आणि शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावा. सुई लावली की रोग पसरतो हे खरं नाही. याउलट, छोट्या दवाखान्यात गाठ "काढून टाकली", ती तपासायला पाठवलीच नाही किंवा स्पिरिटमध्ये, नाहीतर सलाईनच्या बाटलीत पाठवली, की पुढे कुणालाच नीट उपचार ठरवता येत नाहीत. गाठ १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तिच्या आकाराच्या दसपट द्रवात जायला हवी. तरच ईआर, पीआर (संप्रेरकांच्या) आणि हर-टू (पेशी वाढवणाऱ्या एका प्रथिनाची) या चाचण्या भरवशाच्या येतात आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. शरीरातून काढलेली कुठलीही गाठ पॅथॉलॉजीला गेली पाहिजे, आणि तिचा रिपोर्ट आपल्या फाईलला असला पाहिजे. आई, बहीण, मावशी यांच्यात पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कुठल्याही वयात बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, तुमची तपासणी इतरांपेक्षा लवकर आणि वेगळी होते.

तोंडाची तपासणी दोन मिनिटांची. मशेरी लावणाऱ्या, तंबाखू-सुपारी खाणाऱ्या बायांनी ती वगळू नये. "मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते" असं सांगतात, पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट सहन न होणं, तोंडात आपलीच तीन बोटं उभी न जाणं, ही खूण समजा.

बीजांडकोशासाठी अशी चाळणी अजून नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर सोनोग्राफी आणि सीए-१२५ रक्तचाचणी करून पाहिली, मृत्यू घटले नाहीत. पॅकेजमध्ये ही रक्तचाचणी फुकट मिळाली तरी त्रास नसताना करू नका. पोटातला टीबी, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), गाठी, अगदी पाळीतसुद्धा तो आकडा चढतो, आणि बाई विनाकारण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाते. पन्नाशीनंतर दोन-तीन आठवडे सतत पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं असेल तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर न थांबता सोनोग्राफी करावी. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग पाळी गेल्यानंतरच्या रक्तानेच स्वतःची सूचना देतो. एकच ठिपका असला तरी सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजायची, ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर अस्तराचा तुकडा.

घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्हीची लस सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. १५ नंतर तीन लागतात. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागेलच, कारण लस सगळे प्रकार अडवत नाही.

तुम्ही पाळी संपल्यावर आणि पुढची पाळी यायच्या आधी, मधला एखादा दिवस ठरवा. दोन दिवस आधीपासून संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या आणि आतून धुणं बंद. जाताना लघवी करून जा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या, कारण पुढे उपचार लागलेच तर शस्त्रक्रिया, शेक आणि केमो महात्मा फुले योजनेत बसतात आणि योजनेतल्या रुग्णालयाच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्याबद्दल त्याच वेळी सांगा, औषध तिथेच मिळेल. निकालाच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, आणि मागच्या बाजूला पुढच्या तपासणीचं साल लिहून टाका.